शनिवारचे शिपाई

एखाद्या गावात चोरांचा सुळसुळाट झाला, म्हणजे गावकरी चावडीवर जमतात आणि आळीपाळीने रात्रीची गस्त घालण्याचे ठरवितात. शेतकरी, सुतार, वाणी, शाळामास्तर असे सारेच आपापली नावे देतात. दिवसा जो तो आपला धंदा पाहतो आणि नेमलेल्या रात्री काठी व कंदील घेऊन वेशीपाशी उभा राहतो. अट एवढीच, की गस्त आपल्या गावात घालावयाची. पुढे दूरच्या तालुक्यात मोठा दरोडा पडला आणि पाटलाने या गस्तवाल्यांना तिकडे चलण्यास सांगितले, तर त्यांनी काय करावे? संकट मोठे आहे म्हणून जावे, की आपण दिलेला शब्द तेवढाच होता म्हणून राहावे? आणि त्यांनी जाण्याचे नाकारले, तर पाटलाने त्यांच्यावर सक्ती करावी काय?

इ. स. १९१४ ते १९१८ या काळात झालेल्या पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न ब्रिटनपुढे उभा राहिला. तेथे गस्तवाल्यांच्या जागी अडीच लाखांहून अधिक स्वयंसैनिक होते आणि दूरच्या तालुक्याच्या जागी फ्रान्स, मिसर, इराक आणि आपला हिंदुस्थान हे देश होते. राष्ट्र आणि नागरिक यांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाचे मोल किती, हे त्या स्वयंसैनिकांच्या हकिकतीवरून चांगले ध्यानात येते.

ब्रिटन हे चोहोंकडून समुद्राने वेढलेले बेट आहे. तटबंदीचे काम समुद्र करीत असल्यामुळे ब्रिटिशांचा भरवसा मुख्यतः आपल्या आरमारावर असे. जर्मनी, फ्रान्स यांसारख्या देशांत प्रत्येक तरुणाला काही काळ सैन्यात राहणे कायद्याने भाग होते. ब्रिटनमध्ये तशी सक्ती नव्हती आणि ती असू नये, असेच बहुसंख्य लोकांना वाटे. तेथील खडे सैन्य पगारी होते. ते लहान होते आणि त्याचा बराच भाग साम्राज्याच्या दूरदूरच्या ठाण्यांवर विखुरलेला असे. मग स्वतः ब्रिटनवर कोणी चालून आले तर? इ. स. १८५९ मध्ये फ्रान्सच्या स्वारीची भीती निर्माण झाली, तेव्हा गावोगावच्या लोकांनी आपण होऊन बंदुका हाती घेतल्या आणि स्वयंसैनिकांची पथके उभी केली. ती पथके पुढे टिकून राहिली. पण त्यांत एकसूत्रीपणा नव्हता. इ. स. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी युद्ध झाले. त्या वेळी खडे सैन्य तिकडे गुंतून पडले आणि मायभूमीच्या रक्षणाची व्यवस्था किती विस्कळीत आहे, हे राज्यकर्त्यांच्या लक्षात आले.

ही व्यवस्था सुधारण्याचे काम युद्धमंत्री रिचर्ड हॉल्डेन यांनी हाती घेतले. ते पेशाने वकील आणि तत्त्वज्ञानाचे व्यासंगी होते. त्यांनी इ. स. १९०७ मध्ये पार्लमेंटकडून एक कायदा संमत करून घेतला आणि १ एप्रिल १९०८ रोजी जुन्या पथकांच्या जागी ‘टेरिटोरियल फोर्स’, म्हणजेच प्रादेशिक दल, अस्तित्वात आले. त्यात पायदळाच्या चौदा डिव्हिजन आणि घोडदळाच्या चौदा ब्रिगेड होत्या. दलाची व्यवस्था पाहण्यासाठी प्रत्येक परगण्यात तेथील प्रतिष्ठित नागरिकांचे मंडळ नेमलेले असे. त्यामुळे पलटण आपल्या गावाची, आपल्या परगण्याची आहे, असा जिव्हाळा लोकांना वाटे.

या दलातील शिपाई सोमवारपासून कचेरीत हिशेब लिही, गिरणीत माग चालवी, शाळेत मुलांना शिकवी किंवा दुकानात कापड मोजी. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी तो गणवेश चढवून कवायतीला जाई. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, सुमारे पंधरा दिवसांची छावणी भरे. तीत तो तंबूत राही, नेमबाजी शिके आणि लांबवर कूच करण्याचा सराव करी. थट्टेखोर लोक त्याला ‘शनिवारचा शिपाई’ म्हणत. या थट्टेत थोडा उपहास असला, तरी त्या शिपायाला त्याचे वाईट वाटत नसे. उपजीविका सांभाळून फावला वेळ देशासाठी देत असल्याचा त्याला अभिमान वाटे.

दलात नाव नोंदविताना शिपाई काही अटी मान्य करी आणि सरकारही काही गोष्टी मान्य करी. पहिली अट म्हणजे नोकरीची मुदत. ती चार वर्षांची असे; दल युद्धासाठी कायम कामावर बोलावले गेले, तर ती आणखी एक वर्ष वाढविता येई. दुसरी अट जागेची. प्रादेशिक शिपायाने मायभूमीचे रक्षण करावयाचे होते. त्याच्या संमतीवाचून त्याला समुद्रापार पाठविता येत नसे. तिसरी गोष्ट त्याच्या पलटणीची. त्याच्या संमतीवाचून त्याला दुसऱ्या पलटणीत बदलता येत नसे. आपल्या गावच्या मित्रांबरोबर, आपल्या ओळखीच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करण्याची ही हमी होती. शिपायाचा शब्द आणि सरकारचा शब्द यांचा हा करार होता. तो दोन्ही बाजूंनी पाळला जाईल, अशा विश्वासावरच हे दल उभे होते.

परदेशी जाण्यास आधीच तयार असलेल्यांसाठी इ. स. १९१० पासून वेगळी सोय करण्यात आली. युद्धप्रसंगी आपण समुद्रापार जाऊ, असे जो लिहून देई, त्याला छातीवर उजव्या बाजूस लावण्यासाठी एक बिल्ला मिळे. शांततेच्या काळात असे लिहून देणारे फार थोडे निघाले. शंभरांत दहाही भरले नाहीत. बायकामुले, नोकरी, शेतीवाडी सोडून अनिश्चित काळासाठी दूरदेशी जाण्याचे वचन आगाऊ कोण देणार? तरीही प्रत्यक्ष संकट आले, म्हणजे हे लोक स्वखुशीने पुढे येतील, अशी हॉल्डेन यांना आशा होती.

ते संकट ४ ऑगस्ट १९१४ रोजी आले. त्या दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. वार्षिक छावणीचे ते दिवस होते. कित्येक पलटणी नुकत्याच तंबूंत उतरल्या होत्या. त्यांना तातडीने माघारी फिरण्याचे हुकूम मिळाले. घरोघर बोलावणी गेली. कारकुनाने लेखणी ठेवली, विणकराने माग थांबविला आणि शनिवारचे शिपाई आठवड्याच्या सातही दिवसांचे शिपाई झाले. बंदरे, पूल, रेल्वेमार्ग यांवर त्यांचे पहारे बसले. येथवर सारे कराराला धरूनच चालले होते.

परंतु फ्रान्समधील रणांगणावर माणसांची गरज झपाट्याने वाढू लागली. नवे युद्धमंत्री लॉर्ड किचनेर हे पूर्वी हिंदुस्थानात सरसेनापती होते. हौशी शिपायांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्यांनी प्रादेशिक दलावर विसंबून न राहता अगदी नवे सैन्य उभारावयास घेतले. त्याबरोबरच १० ऑगस्ट रोजी त्यांनी प्रादेशिक पलटणींना विचारणा केली, की समुद्रापार जाण्यास तुमच्यापैकी कोण तयार आहे? कवायतीच्या मैदानावर पलटणी उभ्या राहिल्या आणि प्रत्येक शिपायाला आपला निर्णय करावा लागला. ऑगस्ट महिना संपण्यापूर्वीच सत्तरांहून अधिक पलटणींनी होकार कळविला. काही पलटणींत जवळजवळ सर्वांनी सही केली, तर काहींत बऱ्याच जणांनी नकार दिला.

नकार देणारे सारेच भित्रे होते, असे म्हणता येणार नाही. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, कुणाची चार लहान मुले होती, कुणाचे दुकान त्याच्यावाचून बंद पडणार होते. आपण मायभूमीच्या रक्षणाचे वचन दिले आहे आणि ते आपण पाळीतच आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर होते. तरीही शेजारी उभा असलेला मित्र होकार देत असता आपण नाही म्हणणे सोपे नव्हते. अधिकारी समोर उभे, वर्तमानपत्रांतून आवाहने आणि गावात कुजबुज! अशा वेळी दिलेली संमती कितपत मोकळ्या मनाची असते, याचा विचार करण्यासारखा आहे.

ज्यांनी होकार दिला, ते लवकरच बोटींवर चढले. सप्टेंबर १९१४ मध्ये लँकेशायर परगण्यातील प्रादेशिक डिव्हिजन मिसर देशाकडे रवाना झाली. ब्रिटनबाहेर गेलेली ती पहिली प्रादेशिक डिव्हिजन होय. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जममधील मेसीन या गावाजवळ ‘लंडन स्कॉटिश’ नावाची पलटण लढाईत उतरली. प्रादेशिक पायदळाची प्रत्यक्ष लढाईची ती पहिलीच वेळ. त्या एका झुंजीत तिचे शेकडो शिपाई कामी आले किंवा जखमी झाले. त्यानंतर ‘शनिवारचे शिपाई’ या शब्दांतील उपहास ओसरला.

या हकिकतीचा एक धागा महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी जोडलेला आहे. हिंदुस्थानातील बहुतेक खड्या ब्रिटिश पलटणींना लढाईसाठी युरोपात परत बोलावण्यात आले. त्यांची जागा भरून काढण्यासाठी इंग्लंडच्या दक्षिणेकडील परगण्यांतून प्रादेशिक डिव्हिजन इकडे धाडण्यात आल्या. इ. स. १९१४ च्या अखेरीस त्यांच्या बोटी मुंबई बंदराला लागल्या. आदल्या उन्हाळ्यात आपल्या गावी दुकान किंवा कचेरी सांभाळणारी माणसे आता अनोळखी देशातील छावण्यांत राहू लागली. त्यांतील काही पलटणी पुढे इराकमध्ये तुर्कांशी लढावयास गेल्या. तेथे तायग्रीस नदीकाठच्या कूत या गावी सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढा घातला. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या आणि हॅम्पशायर परगण्यातील काही प्रादेशिक शिपाईही तिच्यासोबत वेढ्यात सापडले. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला तो वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अन्न संपले, आजार पसरले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याला शरण जावे लागले. महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा मुलगा आणि इंग्लंडमधील गावकरी यांनी एकच उपासमार आणि एकच कैद सोसली. हिंदुस्थानात राहिलेल्या अनेक प्रादेशिक शिपायांना मात्र युद्ध संपेपर्यंत घरचे दर्शन झाले नाही. काहींना तर इ. स. १९१९ पर्यंत येथेच राहावे लागले.

तिकडे युद्ध लांबत चालले. इ. स. १९१५ च्या अखेरीपर्यंत सुमारे पंचवीस लाख ब्रिटिश तरुण स्वखुशीने सैन्यात दाखल झाले होते. पण रणांगणाची भूक भागत नव्हती. नव्या स्वयंसैनिकांचा ओघ आटू लागला. अशा वेळी दोन गोष्टी सरकारला खुपू लागल्या. चार अधिक एक अशी पाच वर्षे पुरी झालेले अनुभवी प्रादेशिक शिपाई करारानुसार घरी परतू लागले होते. शिवाय समुद्रापार जाण्याचे नाकारलेले शिपाई इंग्लंडच्या किनाऱ्यावर वेगळ्या पलटणींतून पहारा करीत होते. लढाईला माणसे हवी असता गणवेशातील माणसांना हात लावता येत नव्हता, कारण शब्द आड येत होता.

मग सक्तीच्या भरतीवर पार्लमेंटमध्ये आणि बाहेर मोठा वाद माजला. सक्तीच्या बाजूचे लोक म्हणत, “संकट साऱ्या राष्ट्राचे आहे. जे उदार मनाचे, त्यांनीच मरावे आणि इतरांनी घरी बसावे, हा न्याय नव्हे. ओझे सर्वांनी सारखे वाहिले पाहिजे.” विरुद्ध बाजूचे लोक म्हणत, “ज्या स्वातंत्र्यासाठी आपण लढतो असे सांगतो, तेच आपल्या घरात मोडावयाचे काय? जबरदस्तीने धरून आणलेल्या माणसाचे शौर्य ते शौर्य कसले?” गृहमंत्री सर जॉन सायमन यांना सक्ती इतकी अमान्य होती, की त्यांनी जानेवारी १९१६ मध्ये आपल्या पदाचा राजीनामा दिला. दोन्ही पक्षांत विचारी आणि देशावर प्रेम करणारी माणसे होती.

अखेर जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा झाला. प्रथम तो १८ ते ४१ वर्षे वयाच्या अविवाहित पुरुषांना आणि मुले नसलेल्या विधुरांना लागू झाला. त्याच वर्षी मे महिन्यात विवाहितांनाही तो लागू करण्यात आला. आयर्लंड मात्र त्यातून वगळले होते. या कायद्यांनी साध्या नागरिकाला शिपाई केलेच, पण आधीपासून शिपाई असलेल्या स्वयंसैनिकाचा करारही बदलून टाकला. मायदेशातील सेवा आणि परदेशातील सेवा हा भेद पुसला गेला. प्रकृतीने धडधाकट असलेल्या प्रादेशिक शिपायाला कोठेही पाठविता येऊ लागले. मुदत संपल्यावर घरी जाण्याचा हक्क संपला. त्याला त्याच्या गावच्या पलटणीतून काढून दुसऱ्या पलटणीत घालण्याची मोकळीकही लष्कराला मिळाली. इ. स. १९०८ च्या करारातील तीनही हमी अशा रीतीने एकाच वर्षात नाहीशा झाल्या. ज्याने आपण होऊन थोडे दिले होते, त्याच्याकडून आता सारे मागून घेतले गेले.

कायद्याने दाद मागण्याची एक वाट मात्र ठेवली होती. ठिकठिकाणी न्यायमंडळे नेमण्यात आली. घरची अत्यंत अडचण, राष्ट्राच्या गरजेचा उद्योग किंवा युद्ध हे पाप आहे अशी मनोमन श्रद्धा, यांपैकी काही कारण असल्यास मनुष्य त्या मंडळापुढे सूट मागू शके. श्रद्धेमुळे शस्त्र न धरणारे सुमारे सोळा हजार लोक निघाले. त्यांतील पुष्कळांनी जखमींची शुश्रूषा किंवा शेतीची कामे पत्करली आणि हजारोंनी तुरुंगवास भोगला. लोकांनी त्यांना भित्रे म्हटले. परंतु साऱ्या समाजाचा रोष पत्करून आपल्या मताला चिकटून राहावयासही धैर्य लागते.

हिंदुस्थानातही या सक्तीचे पडसाद उमटले. पण येथे तिचे रूप विलक्षण होते. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत आणि रेल्वे कंपन्यांत युरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांची स्वयंसैनिक पथके पूर्वीपासून होती. भारतीयांना मात्र त्यांत सहसा प्रवेश नसे. आम्हांलाही देशरक्षणासाठी स्वयंसैनिक होऊ द्या, अशी मागणी राष्ट्रीय सभेने इ. स. १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनातच केली होती. इ. स. १९१७ मध्ये सरकारने ‘इंडियन डिफेन्स फोर्स’चा कायदा केला. त्यानुसार जुनी स्वयंसैनिक पथके या नव्या दलात सामावली गेली आणि हिंदुस्थानातील युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांवर लष्करी सेवेची सक्ती झाली. भारतीयांसाठी दलाचा वेगळा विभाग काढण्यात आला. त्यात जाणे ऐच्छिक होते. लोकमान्य टिळकांनी तरुणांना त्यात नावे नोंदविण्याचा उपदेश केला. ज्याला स्वराज्य हवे, त्याने स्वदेशाच्या रक्षणाचे शिक्षणही घेतले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. एकाच देशात काही जणांवर बंदूक उचलण्याची सक्ती होती आणि ती उचलण्याची परवानगी इतर कित्येक जण तीस वर्षे मागत होते! शस्त्र धरणे हे नागरिकाचे केवळ ओझे नसून तो विश्वासाचा मान आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले आणि इ. स. १९२० मध्ये ब्रिटनमधील सक्ती संपली. प्रादेशिक दल पुन्हा उभारावयाचे होते. पण एकदा शब्द मोडल्यावर लोक पुन्हा नावे कशी देणार? म्हणून सरकारने नवा करार अधिक मोकळेपणाने मांडला. शिपायाने परदेशी जाण्याची जबाबदारी नाव नोंदवितानाच पत्करावी. मात्र पार्लमेंटच्या संमतीवाचून दलाला परदेशी पाठवू नये आणि कोणत्याही शिपायाला त्याच्या पलटणीतून तोडून दुसरीकडे भरती म्हणून धाडू नये, असे वचन सरकारने दिले. ते लोकांत ‘प्रतिज्ञा’ याच अर्थाच्या नावाने ओळखले जाई. इ. स. १९२१ मध्ये दलाला ‘टेरिटोरियल आर्मी’ हे नाव मिळाले. पुढे काय मागितले जाईल, हे आरंभीच सांगून ठेवणे ही पहिली प्रामाणिकता होय, एवढे तरी सरकार युद्धातून शिकले होते.

स्वतंत्र भारताने आपली प्रादेशिक सेना उभारली, तेव्हा हा अनुभव जगापुढे होताच. इ. स. १९४८ मध्ये प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले. या सेनेत जावयाचे ते स्वखुशीने. नोकरी किंवा धंदा करणारा नागरिक वर्षातील ठरावीक काळ शिक्षण घेतो आणि गरज पडली म्हणजे सेवेसाठी बोलावला जातो. इ. स. १९६२, १९६५ आणि १९७१ या वर्षांच्या युद्धांत या सेनेच्या तुकड्यांनी काम केले आहे. केंद्र सरकारच्या हुकुमावाचून तिच्या सैनिकाला भारताच्या सीमेबाहेर लष्करी सेवा करावी लागत नाही, ही गोष्ट कायद्यातच लिहिलेली आहे. तसेच सेवेसाठी बोलावलेला मनुष्य परत आल्यावर त्याच्या मालकाने त्याला पूर्वीच्या कामावर पुन्हा घ्यावे, अशी तरतूदही त्यात आहे. म्हणजे सैनिकाने दिलेल्या शब्दाबरोबर सरकारचा आणि मालकाचा शब्दही कायद्याने बांधलेला आहे. स्वतंत्र भारताने आजवर आपल्या नागरिकांवर सक्तीची लष्करभरती लादलेली नाही.

राष्ट्रावर मोठे संकट येते, तेव्हा सरकारला कठोर निर्णय घ्यावे लागतात. इ. स. १९१६ मध्ये ब्रिटिश सरकारने घेतलेला निर्णय योग्य होता की अयोग्य, याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. स्वयंसैनिकाकडून त्याने कबूल केल्यापेक्षा अधिक मागावयाचे झाल्यास, ते उघडपणे, कायद्याने, सर्वांना सारखे आणि कारण सांगून मागितले पाहिजे. आणि संकट टळल्यावर मोडलेला शब्द पुन्हा नीट बांधून दिला पाहिजे. स्वखुशीने पुढे येणारी माणसे हे राष्ट्राचे मोठे धन आहे. ते कितीही खर्च झाले, तरी नवे हात पुढे येत राहतात. पण ज्यांचा विश्वास एकदा उडाला, ते हात पुन्हा सहजासहजी वर होत नाहीत.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ब्रिटनमधील प्रादेशिक दल केव्हा अस्तित्वात आले?
(आ) प्रादेशिक शिपायांना ‘शनिवारचे शिपाई’ असे का म्हणत?
(इ) भारताच्या प्रादेशिक सेनेचे उद्घाटन कोणी केले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) नाव नोंदविताना प्रादेशिक शिपायाला कोणत्या तीन हमी मिळत? इ. स. १९१६ मध्ये त्यांचे काय झाले?
(आ) सक्तीच्या भरतीच्या बाजूने आणि विरुद्ध कोणती मते मांडली गेली?
(इ) इ. स. १९१७ च्या कायद्याचे हिंदुस्थानातील रूप ‘विलक्षण’ होते, असे का म्हटले आहे?

३. कारणे द्या.
(अ) ब्रिटिश लोकांचा भरवसा मुख्यतः आरमारावर असे.
(आ) इ. स. १९१४ च्या अखेरीस इंग्लंडमधील प्रादेशिक डिव्हिजन मुंबईला आल्या.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
सुळसुळाट होणे, कामी येणे, पडसाद उमटणे, विश्वास उडणे.

५. विचार करा आणि वर्गात चर्चा करा.
पाठाच्या आरंभी सांगितलेल्या गस्तवाल्यांच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? पाटलाच्या जागी असता, तर काय केले असते? दोन्ही उत्तरांची कारणे सांगा.